तंजावरच्या चर्चमधला मराठी राजा

मुंबईच्या जुन्या किल्ल्यात, आजच्या हॉर्निमन सर्कलजवळ, सेंट थॉमस कॅथेड्रल उभे आहे. ते १७१८ च्या नाताळात उघडले, आणि चर्चगेट हे नाव त्याच्याकडे नेणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजाला पडले. आत गेले की भिंतींवर संगमरवरी स्मारकांची दाटी दिसते. कंपनीचे गव्हर्नर, सेनाधिकारी, दर्यावर्दी, तरुणपणी तापाने गेलेले कारकून. १८११ साली मुंबईतच वारलेला गव्हर्नर जोनाथन डंकन याचेही स्मारक तिथे आहे. ते धाकट्या जॉन बेकनने घडवले. काशी आणि काठेवाडात मुलींची हत्या थांबवल्याचे श्रेय त्यात डंकनला दिले आहे, आणि हिंदी माणसे दिसतात ती त्याला दुवा देणारी म्हणून. त्या माणसांना नावे नाहीत. बेटावरच्या इंग्रजांनी आपल्या देवघरात एतद्देशीयांना ही एवढीच जागा दिली होती. पण त्याच काळात, लंडनच्याच शिल्पकारांच्या वर्तुळात, याच पांढऱ्या दगडात घडलेले एक स्मारक तंजावरच्या एका चर्चमध्ये आहे, आणि तिथे हा हिशेब उलटा होतो. स्मारक करवून घेणारा, त्याचे पैसे देणारा आणि त्यात मधोमध उभा राहणारा माणूस एकच, भोसले कुळातला दुसरा सरफोजी. म्हणून ते चर्च ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाइतकेच मराठ्यांच्या इतिहासाचे साधन आहे, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरच्या मराठी शिलालेखाशेजारी ठेवूनच ते वाचायला हवे.

तंजावरच्या धाकट्या किल्ल्यात, म्हणजे शिवगंगा कोटात, मोठे देऊळ, शिवगंगा तळे आणि हे चर्च एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. चर्चचे नाव क्राइस्ट चर्च, पण गावात ते श्वार्ट्झ चर्च म्हणूनच ओळखले जाते. वास्तू साधी, आटोपशीर, पांढरी. दर्शनी भागावर १७७९ हे साल. पर्यटकांसाठी छापलेल्या माहितीत सर्रास वाचायला मिळते की हे चर्च १७७९ मध्ये सरफोजी राजांनी डेन्मार्कच्या श्वार्ट्झविषयीच्या स्नेहापोटी बांधले. या एका वाक्यात दोन चुका आहेत. सरफोजींचा जन्म १७७७ चा. दोन वर्षांच्या मुलाने चर्च बांधवले असे म्हणायला बराच भक्तिभाव लागेल. आणि ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ हा जर्मन, ब्रांडेनबुर्गच्या राज्यातल्या झोनेनबुर्ग गावचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. डेन्मार्कशी त्याचा संबंध एवढाच की १७५० साली तो डॅनिश मिशनचा पाद्री म्हणून तरंगंबाडीला उतरला. तंजावरच्या रघुनाथ नायकाने ते बंदर १६२० मध्ये डॅनिश लोकांना दिले होते, आणि पुढे मराठे गादीवर आले तरी डॅनिश कंपनी तंजावरच्या दरबाराला वार्षिक रक्कम भरत राहिली. चर्च उभे राहिले ते तुळजाजी राजांच्या काळात, आणि किल्ल्यात ठाण मांडलेल्या इंग्रजी शिबंदीची उपासनेची सोय हेही त्यामागचे एक कारण होते. तेव्हा इमारत राजाने बांधली असे म्हणणे सैलच ठरेल. राजाची खरी सही आतल्या संगमरवरावर आहे.

ती सही समजायची तर १७७० ते १८०० या तीन दशकांतले तंजावर पाहावे लागते. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले आणि तुळजाजींना कैदेत टाकले; १७७६ मध्ये कंपनीनेच ते त्यांना परत दिले. राज्य आता परक्यांच्या मर्जीवर होते. अशा दरबारात श्वार्ट्झ १७७८ पासून कायमचा राहायला आला. तमिळ तर त्याला येतच होते, राजाशी बोलण्यासाठी तो मराठीही शिकला. १७७९ मध्ये कंपनीने त्याला हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणला वकील म्हणून पाठवले, कारण कंपनीचा शब्द न मानणारा हैदर या पाद्र्याचे ऐकून घेईल अशी खात्री होती. १७८७ मध्ये निपुत्रिक तुळजाजींनी मरणाच्या दारात असताना भोसले घराण्याच्याच शाखेतला नऊ-दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि त्याचा सांभाळ करण्याची गळ श्वार्ट्झला घातली. श्वार्ट्झने नकार दिला. मूल लहान असेपर्यंत कारभार राजाच्या भावाकडे, अमरसिंगांकडे द्यावा असे सुचवले. पुढे पंडितांच्या मताचा आधार घेऊन कंपनीने दत्तकच बेकायदा ठरवला आणि अमरसिंगांना गादीवर बसवले. पोराचे हाल सुरू झाले. शिक्षण बंद, बाहेर जाणे बंद. श्वार्ट्झने तक्रारी केल्या, आणि १७९३ मध्ये तुळजाजींच्या राण्यांसह सरफोजींना मद्रासला हलवले गेले. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या पाद्र्याच्या देखरेखीखाली ते शिकले. कंपनीने पुढे पहिला निर्णय फिरवला. १३ फेब्रुवारी १७९८ ला श्वार्ट्झ वारला. सरफोजी गादीवर बसले त्याच वर्षीच्या जूनअखेर. ज्याच्या खटपटीने दत्तकाचा वाद पुन्हा उघडला गेला, त्याला राज्याभिषेक दिसला नाही.

आता शिल्पाकडे वळू. ते घडवले जॉन फ्लॅक्समनने, म्हणजे त्या काळातल्या इंग्लंडच्या सर्वांत नावाजलेल्या शिल्पकारांपैकी एकाने. १८०१ मध्ये सरफोजींनी लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला लिहिले की श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक आपल्या खर्चाने करवून पाठवावे. १८०७ च्या सुमारास ते तयार झाले. खाटेवर वृद्ध पाद्री मरणोन्मुख पडलेला आहे. उशाशी गेरिके, पायाशी मिशनच्या शाळेतली मुले. आणि शेजारी पगडीधारी तरुण सरफोजी त्याचा हात हातात घेऊन उभे. मागे दरबारातली माणसे. नजर आपोआप त्या दोन हातांच्या पकडीवर जाते. शिल्पातला तरुण राजा दिसतो, पण त्या फेब्रुवारीत तो राजा नव्हता. गादीवरचा हक्क तेव्हा कागदांवर तोलला जात होता. म्हणजे १८०१ मध्ये गादीवर बसलेल्या माणसाने तीन वर्षांपूर्वीचा प्रसंग स्वतःला राजा म्हणून पुन्हा मांडून घेतला. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमधल्या सेंट मेरी चर्चमध्ये याच श्वार्ट्झचे कंपनीने करवलेले स्मारक आहे, मुंबईत डंकनचे स्मारक घडवणाऱ्या त्याच बेकनच्या हातचे. तिथेही मृत्युशय्या आहे, तिथेही गेरिके आणि मुले आहेत. पण प्रसंगाच्या केंद्रात मराठा राजा नाही. कंपनीला आपला गुणी सेवक दाखवायचा होता. सरफोजींना आपला वडीलधारा दाखवायचा होता, आणि त्याचा हात धरलेले आपणही.

त्याच काळात, १८०३ मध्ये, याच राजाने बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरवून घेतला. मराठी पर्यटक तो लांबलचक लेख अभिमानाने पाहतो, फोटो काढतो, आणि तळ्याच्या बाजूचे चर्च टाळून सरस्वती महालाकडे निघतो. पण हे दोन्ही दगड एकाच प्रश्नाचे उत्तर देतात. ज्याचा दत्तक एकदा बेकायदा ठरला होता, ज्याचा चुलता पदच्युत होऊन तिरुविडैमरुदूरला राहायला गेला होता, त्याने गादीवर कोणत्या हक्काने बसावे? देवळातला लेख म्हणतो, कुळाच्या हक्काने. चर्चमधले शिल्प म्हणते, तुळजाजींनी ज्याला विश्वासाने गळ घातली त्याच्या आशीर्वादाच्या हक्काने. वंशावळ हिंदू रयतेसाठी, मृत्युशय्या इंग्रजांसाठी, असा सरळ वाटा मात्र मला पटत नाही. देवळाच्या कोटात इंग्रजी शिबंदी होती आणि चर्चमध्ये तमिळ ख्रिस्ती येत होते. पण एका दगडाशिवाय दुसरा अर्धाच कळतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा : हा राजा कंपनीचा मांडलिक, किंबहुना पेन्शनर. १७९९ च्या तहाने त्याने राज्याचा कारभार कंपनीला देऊन टाकला. वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि महसुलाच्या निव्वळ वसुलीचा पाचवा हिस्सा घेऊन तो किल्ल्यापुरता राजा उरला. अशा माणसाची पाद्र्याविषयीची कृतज्ञता म्हणजे मालकाची खुशामत नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. इंग्रजांच्या नेपोलियनवरील विजयासाठी मनोऱ्याचा बुरूज समुद्रकाठी उभारणारे सरफोजी खुशामत जाणत नव्हते असे कोणी म्हणू नये. पण खुशामत करायची तर जिवंत गव्हर्नरची करतात. मेलेल्या पाद्र्याकडून काय मिळणार होते? शिवाय तहानंतरचे त्यांचे वागणे पाहा. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना सुरू केला, इसापनीतीचे मराठी भाषांतर छापून घेतले, ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र बांधून तिथे अन्नाबरोबर शिक्षणाची सोय केली. गावोगावची छत्रे आपल्याच ताब्यात राहावीत म्हणून कंपनीशी भांडले. राज्य गेल्यावर शिक्षणात गुंतलेला हा राजा श्वार्ट्झच्या शाळेतून निघाला होता. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आला, तेव्हा श्वार्ट्झला जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती, तरी राजा त्याच्याविषयी त्याच ओढीने बोलला. हेबरने राजपुत्र शिवाजीला आपल्याबरोबर नेऊन शिकवण्याची तयारी दाखवली, पण आईने मुलाला सोडले नाही. मला ती आई शहाणी वाटते, कारण तंजावर सोडल्यावर काही दिवसांतच हेबर तिरुचिरापल्लीला पाण्यात बुडून मेला. एवढी वर्षे टिकलेल्या भावनेला नुसती खुशामत म्हणता येत नाही. राजकीय गरज आणि प्रेम दोन्ही एकाच हाताच्या पकडीत असू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. श्वार्ट्झ धर्मांतर करवण्यासाठीच आला होता. हिंदू राजाने त्याचे स्मारक करणे म्हणजे आपल्या घरात परका धर्म रुजवणे. इथे तंजावरच्या मराठ्यांची चाल एकसुरी नव्हती हे आधी मान्य करायला हवे. पहिल्या शहाजींच्या काळात, १७०१ च्या सुमारास, तंजावरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. पण त्याच घराण्यातल्या प्रतापसिंगांनी १७५७ मध्ये नागोरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार बांधवला. सरफोजींनी मिशनच्या गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषणाचा खर्च उचलला आणि स्वतः शैव राहिले, बृहदीश्वराची व्यवस्था पाहिली, पुढे लवाजम्यासह काशीयात्रा केली. गुरूचा धर्म शिष्याने घेतलाच पाहिजे असा नियम त्यांनी मानला नाही. याला मर्यादाही होत्या, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. श्वार्ट्झचा दुसरा शिष्य, राजाचा सहाध्यायी, ख्रिस्ती तमिळ कवी वेदनायगम शास्त्री याला सरफोजींनी दरबारात मान दिला, पण राजाने देवतेची स्तुती लिहायला सांगितल्यावर कवीने ख्रिस्ताखेरीज कोणाची स्तुती करायला नकार दिला आणि पुढे दोघांत दुरावा आला. सरफोजींची उदारता राजाची होती, तिला राजाच्या अपेक्षाही चिकटलेल्या होत्या. तरी त्यातून धर्मांतर झाले नाही आणि चर्च पाडलेही गेले नाही. तंजावरच्या मराठी राजवटीला न्याय द्यायचा तर तिचा छळ आणि तिचा मिनार दोन्ही लिहावे लागतात.

तिसरा आक्षेप कलेचा. राजराज चोळाच्या अकराव्या शतकातल्या देवळासमोर या पांढऱ्या खोलीत पाहायचे काय? वास्तू म्हणून फारसे नाही, हे खरे. मुंबईच्या कॅथेड्रलची भव्यताही इथे नाही, आणि हे बिशपचे आसनही नाही. ज्यांना फक्त शिखर मोजायचे आहे त्यांनी इथे न यावे. फ्लॅक्समनचे शिल्प मात्र कुठल्याही संग्रहालयात मानाने ठेवले जाईल असे आहे, आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये त्याच फ्लॅक्समनने घडवलेला, हात जोडून उभा असलेला सरफोजींचा पूर्णाकृती पुतळा आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहावेत. राजाने एका शिल्पकाराकडून स्वतःची दोन रूपे करवून घेतली, एक रयतेसमोरचे आणि एक गुरूच्या शय्येजवळचे.

तेव्हा तंजावरला जाणाऱ्या मराठी वाचकाने मोठ्या देवळातून बाहेर पडल्यावर शिवगंगा तळ्याच्या बाजूला वळावे. हे उपासनेचे चालू ठिकाण आहे. प्रार्थना सुरू असेल तर बाहेर थांबावे, आणि आत फोटो काढण्याआधी विचारावे. श्वार्ट्झची कबर इथे नाही, ती किल्ल्याबाहेरच्या सेंट पीटर चर्चमध्ये आहे. तिच्यावरचे इंग्रजी पद्य सरफोजींनी स्वतः रचले. आणि महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांना एक विनंती : तुमच्या तंजावरच्या पत्रकात हे चर्च घाला, आणि १७७९ साली सरफोजी दोन वर्षांचे होते, एवढे त्यात नीट छापा.