मायक्रोकंट्रोलरवरील कार्यप्रणालीचा प्रारंभ : पर्जन्यमापकाच्या आधारे

मुळशी तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यास भिडलेला असून ताम्हिणी घाटाच्या परिसरात अतिवृष्टी होते. मुळशी धरणातून मुळा नदीत पाणी सोडण्याचा प्रसंग आला असता पर्जन्याची वेळेवर मिळालेली नोंद नदीकाठच्या वस्तीस मोलाची ठरते. अशा ठिकाणी ठेवावयाच्या स्वयंचलित पर्जन्यमापकाची कल्पना केल्यास मायक्रोकंट्रोलरवर कार्यप्रणालीची आवश्यकता का भासते, हे सहज ध्यानात येते.

या मापकात एक लहान पात्र असते. ०.२ मिलिमीटर पाऊस साचताच ते कलते व एक विद्युत्स्पंद उमटतो. ताशी १०० मिलिमीटर पाऊस असता तासाला ५०० स्पंद, म्हणजे सुमारे ७ सेकंदांस एक स्पंद येतो. स्पंद तपासणे व मोडेमद्वारे संदेश पाठविणे ही कामे एकाच आवर्ती आज्ञावलीत क्रमाने गुंफली, तर संदेश जाण्यास लागणाऱ्या काही सेकंदांत आलेला स्पंद हुकतो. मुसळधार पावसात संदेश वारंवार पाठवावे लागतात. सबब नोंद जेव्हा सर्वांत महत्त्वाची, तेव्हाच ती सर्वांत सदोष होते.

कार्यप्रणालीचा कर्नेल, म्हणजे गाभा, कामांची विभागणी स्वतंत्र टास्कांत करतो आणि प्रत्येकास अग्रक्रम व स्वतःचा स्टॅक देतो. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सिद्ध केलेली फ्रीआरटॉस आणि २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने पुढे आलेली झेफर या दोन्ही प्रणाली मुक्त असून अभ्यासास सोयीच्या आहेत. प्रस्तुत उदाहरणात स्पंद येताच इंटरप्ट घडावा, त्याने केवळ क्यूमध्ये नोंद टाकावी, उच्च अग्रक्रमाच्या टास्कने ती मोजावी आणि संदेशाचे काम निम्न अग्रक्रमाच्या टास्ककडे असावे.

नवागताने प्रथम दोनच टास्क रचावे : एकाने दिवा लुकलुकवावा, दुसऱ्याने सीरियल पोर्टवर अक्षरे लिहावी. विलंबासाठी रिकामे आवर्तन न वापरता प्रणालीचीच विलंब-सुविधा वापरावी. अन्यथा वरच्या अग्रक्रमाचा टास्क खालच्यास प्रोसेसर मिळूच देत नाही. त्यानंतर क्यू योजावी व प्रत्येक स्टॅकमध्ये किती जागा उरते, ते मोजावे.

अग्रक्रम ठरविल्याने सर्व साधते असे मात्र नव्हे. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार पुन्हा सुरू होऊ लागला. निम्न टास्कने अडवून ठेवलेल्या सामायिक साधनाची उच्च टास्क वाट पाहत होता आणि मध्यम अग्रक्रमाचे टास्क त्या निम्न टास्कला थोपवून धरीत होते. निम्न टास्कला तात्पुरता उच्च अग्रक्रम देणारी सोय पृथ्वीवरून कार्यान्वित केल्यावर दोष दूर झाला.

यास्तव बोर्डावरील दिवा लुकलुकला म्हणजे प्रणाली सिद्ध झाली असे मानू नये. प्रयोगशाळेत ५०० कृत्रिम स्पंद द्यावे, मधूनमधून मोडेमचा संपर्क तोडावा आणि मोजणी पाहावी. ती ५०० भरली, तरच ते यंत्र घाटात नेण्यास योग्य होय.