धूर न काढणारे व्यसन

चीनमधल्या माध्यमिक शाळांतील मुले आणि तंबाखू असा विषय निघाला की चर्चा सिगारेटपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ते स्वाभाविकही आहे. पाहुण्यापुढे सिगारेट धरणे हा तिथला जुना शिष्टाचार. लग्नाकार्यात, सणासुदीला पाकिटे भेट दिली जातात. २०१८ च्या पाहणीत त्या देशातील पंधरा वर्षांवरील २६.६ टक्के लोक धूम्रपान करणारे निघाले, पुरुषांत तर निम्म्याहून अधिक. शाळांच्या आवारातले धूम्रपान थांबवण्यासाठी तिथल्या शिक्षण मंत्रालयाला २०१४ मध्ये आदेश काढावा लागला.

आता आपल्याकडे या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण निघाले तेही २६.६ टक्केच! आकडा तोच, पण फोड पाहिली की चित्र उलटे. धूर काढणारे जेमतेम ३.८ टक्के, चघळणारे, गालात धरणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. म्हणजे शाळेतल्या मुलाला ‘तू सिगारेट ओढतोस का?’ एवढेच विचारले, तर तो खरे बोलून सुटेल.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत एक चक्कर मारा. एका बाजूला टोलेजंग इमारती आणि त्यांच्यातल्या मुलांसाठी इंग्रजी शाळा, दुसरीकडे बांधकामावरच्या मजुरांची वस्ती, आणि मधून गुजरातकडे जाणारे ट्रक. या तिन्ही जगांना सामाईक अशी एकच जागा आहे, पानाची टपरी. तिथे सिगारेट पेटवणारा मुलगा आधी इकडेतिकडे पाहतो, कारण वासाने घरी चोरी पकडली जाते. सुपारीची पुडी मात्र दप्तरात सहज मावते आणि तोंडाला वास आलाच तर तो गोड येतो.

याची मुळे घरात आहेत. वडीलधाऱ्यांसमोर सिगारेट ओढणे हा उद्धटपणा. पण तंबाखू मळून समोरच्याला चिमूटभर देणे हा आपल्याकडे स्नेह. अनोळखी माणसाकडेही चुना मागता येतो! आजी सकाळी मिसरी लावते, तेव्हा नातवाला ते दात घासणेच वाटते. प्रत्यक्षात मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी झाली, पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोचणार? कवितेने आणि सिनेमाने धुराला नको तेवढे वलय दिले, हे खरे. मिसरीला मात्र अशा जाहिरातीची कधी गरजच पडली नाही.

‘नुसती सुपारी तर आहे’ हा मुलांचा लाडका युक्तिवाद. तो पोकळ आहे. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी मान्य केले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर हळूहळू ताठर होते, तिखट झोंबू लागते आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ही साधी परीक्षा डॉक्टर सांगतात. तंबाखूबरोबरचा चुना वेगळे काम करतो. त्याच्यामुळे निकोटिन मोकळे होऊन गालातून झटपट रक्तात उतरते, आणि मग शरीरच पुढची पुडी मागू लागते.

कायदे कमी नाहीत. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत ती विकायला मनाई केली. दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंतच! २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी शेजारच्या राज्यांतून येणारा माल पकडल्याच्या बातम्या येतच असतात. सुट्या सिगारेटींची विक्री राज्याने २०२० मध्ये बंद केली. पाकीट घ्यायला खिशात पैसे नसणारा विद्यार्थी हाच सुट्या सिगारेटीचा गिऱ्हाईक असतो.

२०१९ मध्ये तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची देशभर पाहणी झाली. ८.५ टक्के मुले त्या काळात तंबाखू घेत होती. बिनधुराची तंबाखू कधीतरी घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी ती वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच तोंडात टाकली होती. म्हणजे तिसरी-चौथीत. शाळांमधली व्यसनमुक्तीची व्याख्याने बहुधा आठवी-नववीच्या वर्गांसाठी ठेवली जातात, आणि त्यांच्या फलकावर चित्र असते जळत्या सिगारेटचे.