ग्लायोब्लास्टोमाचे प्रथिनजाल विश्लेषण

ग्लायोब्लास्टोमाचे प्रथिनजाल विश्लेषण ही मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या अतिशय आक्रमक कर्करोगाचा अभ्यास करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत कर्कपेशीतील एकेका जनुकाचा किंवा प्रथिनाचा सुटा विचार न करता, प्रथिनांच्या परस्परसंबंधांचे जाळे मांडून त्याचा गणिती व संगणकीय अभ्यास केला जातो. जीवशास्त्र, वैद्यक आणि संगणकशास्त्र या तिन्ही शाखांचा यात उपयोग होतो.

पार्श्वभूमी

ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांमध्ये मेंदूतच उद्भवणाऱ्या घातक अर्बुदांपैकी सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला चौथी, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणी दिली आहे. त्याच्या पेशी निरोगी ऊतींमध्ये दूरवर शिरत असल्यामुळे शस्त्रक्रियेने अर्बुद पूर्णपणे काढता येत नाही. इ.स. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्या रुग्णांचा मध्यक जीवितकाल १२.१ महिने होता. टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर तो १४.६ महिने झाला. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हीच त्यानंतर प्रमाणित उपचारपद्धती ठरली.

या अर्बुदांपैकी बऱ्याच अर्बुदांत ईजीएफआर या ग्राही प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. त्यामुळे हे प्रथिन रोखणारी औषधे उपयुक्त ठरतील, अशी अपेक्षा होती. एर्लोटिनिबसारख्या औषधांनी फुप्फुसाच्या काही कर्करोगांत गुण दिला, परंतु ग्लायोब्लास्टोमात ती बहुतांशी निष्प्रभ ठरली. औषध मेंदूत पुरेशा प्रमाणात न पोहोचणे हे त्याचे एक कारण आहे. एक मार्ग बंद झाला तरी पेशीला इतर मार्ग उपलब्ध असणे हे दुसरे कारण असून, त्याचा शोध घेण्यासाठी जाळ्याच्या अभ्यासाची गरज भासली.

जाळ्याची रचना

प्रथिनजालात प्रत्येक प्रथिन हा एक बिंदू आणि दोन प्रथिनांमधील संबंध ही एक रेषा मानली जाते. हा संबंध प्रत्यक्ष जोडणीचा असू शकतो, किंवा एका प्रथिनाने दुसऱ्याला फॉस्फेट गट जोडून कार्यान्वित करण्याचा असू शकतो. अशा संबंधांची माहिती स्ट्रिंग व बायोग्रिड यांसारख्या विदागारांत साठवलेली आहे. जाळ्याचे चित्रण व विश्लेषण करण्यासाठी सायटोस्केप ही मुक्त संगणकप्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

अशा जाळ्यांत बहुतेक प्रथिनांचे संबंध थोडे असतात, तर मोजक्या प्रथिनांचे पुष्कळ असतात. पुष्कळ संबंध असलेल्या प्रथिनांना केंद्रबिंदू म्हणतात. काही प्रथिनांचे संबंध थोडे असले तरी ती जाळ्याच्या दोन भागांना जोडणाऱ्या पुलासारखी असतात. असा पूल तुटल्यास संदेशवहन खंडित होऊ शकते. म्हणून संबंधांच्या संख्येबरोबरच प्रथिनाचे जाळ्यातील स्थानही मोजले जाते.

अभ्यासाची पद्धत

प्रथम शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींमधील किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमधील प्रथिने वस्तुमान वर्णपटमापनाने ओळखली व मोजली जातात. फॉस्फेट गट कोणत्या प्रथिनावर, कोणत्या जागी व किती प्रमाणात आहेत हेही याच तंत्राने कळते. त्यानंतर बदललेली प्रथिने ज्ञात संबंधांच्या जाळ्यावर बसवली जातात. शेवटी संगणकीय पद्धतींनी त्यांना जोडणारा लहान व अर्थपूर्ण उपजाल शोधला जातो. मोजणीत न सापडलेले, पण अनेक बदललेल्या प्रथिनांच्या मध्ये असलेले प्रथिनही यामुळे लक्षात येऊ शकते.

महत्त्वाचे निष्कर्ष

इ.स. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी ईजीएफआरचे एक उत्परिवर्तित रूप असलेल्या पेशींतील फॉस्फेट-खुणा मोजल्या. या रूपाचे प्रमाण वाढताच सी-मेट हे दुसरे ग्राही प्रथिनही कार्यान्वित होत असल्याचे त्यांना आढळले. दोन्ही प्रथिने एकाच वेळी रोखल्यास पेशी अधिक प्रमाणात मरत होत्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाने ग्लायोब्लास्टोमात अनेक ग्राही प्रथिने एकाच वेळी सक्रिय असतात असे दाखवले. एकच औषध का अपुरे पडते, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळाले.

इ.स. २००८ मध्ये अमेरिकेतील कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने ग्लायोब्लास्टोमाचा पहिला व्यापक आराखडा प्रसिद्ध केला. उत्परिवर्तने वेगवेगळ्या जनुकांत विखुरलेली असली तरी ती मुख्यतः तीन संदेशमार्गांत एकवटतात, असे त्यात दिसून आले. ग्राही प्रथिनांपासून निघणारा वाढीचा मार्ग सुमारे ८८ टक्के, पी-५३ मार्ग ८७ टक्के आणि आरबी मार्ग ७८ टक्के अर्बुदांत बिघडलेला होता.

इ.स. २०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी जनुकनियंत्रणाच्या जाळ्याचा अभ्यास केला. हे जाळे प्रथिनांच्या प्रत्यक्ष जोडणीचे नव्हते, तर कोणते प्रथिन कोणत्या जनुकांचे नियमन करते हे दर्शवणारे होते. स्टॅट-३ आणि सी/ईबीपी-बीटा ही दोन प्रथिने अर्बुदाच्या अधिक आक्रमक अशा मेसेन्कायमल रूपाचे मुख्य नियंत्रक असल्याचे त्यात आढळले.

इ.स. २०२१ मध्ये ९९ अर्बुदांच्या जनुकीय व प्रथिनविषयक एकत्रित अभ्यासातून पीटीपीएन-११ आणि पीएलसीजी-१ ही प्रथिने संदेशवहनाची केंद्रे म्हणून पुढे आली. भारतात आयआयटी मुंबई येथेही ग्लायोमा गटातील अर्बुदांच्या प्रथिनांवर संशोधन झाले आहे.

मर्यादा

ज्ञात संबंधांची विदागारे अपूर्ण आहेत. ज्या प्रथिनांचा अभ्यास अधिक झाला आहे त्यांचे संबंधही अधिक नोंदले जातात, त्यामुळे ती अवाजवी महत्त्वाची भासू शकतात. विदागारांतील पुष्कळ संबंध मेंदूच्या नव्हे, तर अन्य पेशींत तपासलेले असतात. शिवाय एकाच अर्बुदात भिन्न स्वरूपाच्या पेशी असतात. संपूर्ण तुकड्याच्या मोजणीत त्यांची सरासरीच मिळते आणि उपचारांनंतर टिकून राहणारा लहान पेशीगट नजरेआड होऊ शकतो.

जाळ्यातील केंद्रबिंदू प्रथिन हे आपोआप औषधाचे योग्य लक्ष्य ठरत नाही. तेच प्रथिन निरोगी पेशींनाही आवश्यक असल्यास ते रोखणे रुग्णाला अपायकारक ठरू शकते. म्हणून विश्लेषणातून मिळालेले निष्कर्ष ही गृहीतके मानली जातात. पेशींवरील प्रयोग, प्राण्यांवरील प्रयोग आणि त्यानंतर रुग्णांवरील चाचण्या या क्रमाने त्यांची पडताळणी करावी लागते.