रोह्यांच्या गावाहून घुडखरांच्या रणात

बुलढाण्याजवळच्या आमच्या देऊळघाटला हरभरा घाट्यावर आला की आमच्या घराची झोप जाते. आमचे हे बॅटरी नि फटाके घेऊन जागलीला निघतात. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप वावरात शिरला की खाण्यापेक्षा तुडवण्यानंच जास्त नासाडी होते. म्हणून अहमदाबादला नोकरी करणारा मुलगा जेव्हा म्हणाला, "आई, रणात जनावरं बघायला जाऊ, दोन रात्री राहू," तेव्हा जनावर बघायला पैसे कशाला मोजायचे, हेच मला समजेना. तरी गेले.

मलकापूरहून रेल्वेनं अहमदाबाद आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर दसाडा. पुढं कच्छचं छोटं रण लागतं. वाळवंट म्हटल्यावर डोळ्यांपुढं येणाऱ्या वाळूच्या टेकड्या तिथं नाहीत. भेगाळलेली, खारट, सपाट जमीन, एवढंच दिसतं. पावसाळ्यात तिच्यावर पाणी पसरतं, हिवाळ्यापर्यंत ते आटतं. मधले उंचवटे तेवढे कोरडे राहतात आणि गवत, झुडपं त्यांच्यावरच उगवतात. त्यांना तिकडंही 'बेट'च म्हणतात. जनावर शोधायचं ते या बेटांच्या आसपास.

आमचा मुक्काम मातीच्या गोल खोलीत होता. बाहेरून ती आपल्याकडच्या झोपडीसारखी, आत मात्र जाड गादी, गरम पाणी, काचकामाच्या भिंती. रात्री अंगणात शेकोटी, ताटात बाजरीचा रोटला आणि पांढरं लोणी. एका रात्रीच्या भाड्यात आमच्या एकरभर हरभऱ्याचं बियाणं आणि खत आलं असतं. सोय उत्तम होती, पण त्या जागेची खरी श्रीमंती मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळली.

उघड्या जीपमध्ये आमच्यासोबत तिथल्याच गावचा वाटाड्या होता. त्यानं गाडी थांबवून जमिनीवर बोट दाखवलं. रोह्याचा खूर दुभंगलेला असतो, हा ठसा अखंड, गोलसर होता. "घुडखर," तो म्हणाला. म्हणजे रानगाढव. मग थोड्याच वेळात सात-आठ दिसले, विटकरी-बदामी अंगाचे, पोटाशी पांढरे, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काळसर पट्टा. वाटाड्यानं गाडी सरळ त्यांच्यावर नेली नाही. तिरकी, हळूहळू नेली आणि इंजिन बंद केलं. कान आमच्याकडं वळले की थांबायचं, मान खाली गेली की श्वास सोडायचा. पळणाऱ्या जनावराची पाठच दिसते, चरणारं जनावर मनासारखं बघता येतं. पुढं पाण्याच्या डबक्याशी करकोचे होते आणि एका झुडपाखाली पांढऱ्या शेपूट-टोकाचा वाळवंटी कोल्हा.

1960 च्या सुमारास सर्रा रोगानं ही रानगाढवं झपाट्यानं मेली, हजारसुद्धा उरली नव्हती. 2024 च्या गणतीत ती साडेसात हजारांवर भरली. भारतातलं हे रानगाढव आज याच टापूत टिकून आहे. वाटाड्याकडून हे ऐकून आनंद झाला. पण मी त्याला विचारलं, "शेतात शिरतात का?" तो म्हणाला, "शिरतात ना, मासी. कपाशी, जिरं, काही सोडत नाहीत. माझा भाऊही रात्री राखण करतो."

दिवसा ज्याला बघायला पाहुणे हजारो रुपये मोजतात, रात्री त्यालाच कुणीतरी हाकलत असतं. त्या वाटाड्याच्या घरात निदान एक भाऊ त्याच जनावरावर कमावत होता. म्हणून त्याच्या बोलण्यात राग नव्हता. जंगलाच्या पैशातला वाटा जंगलाच्या कडेच्या घरात गेला, तर जनावराला जागा मिळते, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं.

आमच्याकडंही बुलढाणा ओलांडलं की खामगाव रस्त्यावर बोथ्याचं जंगल लागतं. ज्ञानगंगा अभयारण्य ते हेच, सुमारे 205 चौरस किलोमीटरचं. अस्वल, बिबट्या, रोही, चौशिंगा तिथं आहेत. जंगल पानगळीचं आहे, म्हणून उन्हाळ्यात झाडं उघडी पडतात, जनावरं पाणवठ्याशी येतात आणि तिथं शांत बसणाऱ्याला दिसतात. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला, गळपट्टा घातलेला तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटर चालून याच जंगलात आला होता. जंगलाच्या तुकड्यांमधली वाट त्यानं माणसांच्या वावरांतून काढली आणि त्या शेतकऱ्यांनी ती त्याला काढू दिली. याचं मोल मला फार वाटतं.

ज्ञानगंगेला याल तेव्हा वाटाड्या इथल्याच गावचा घ्या, जेवण इथल्याच घरचं मागा. आणि हरभऱ्याचे दिवस असतील तर एक रात्र आमच्या मचाणावर जागलीला बसा. रोही तिथंही दिसतील.