स्वस्ताईची किंमत

जुन्या पिढीच्या तोंडून स्वस्ताईच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. रुपयाला किती शेर तांदूळ मिळत, तूप कसे पायलीने घरात येई, चार आण्यांत दोघांचे जेवण कसे होई. या आठवणी खऱ्याच आहेत. पण त्या कुणाच्या घरातल्या, हे पाहिले पाहिजे. मामलेदार कचेरीतला कारकून, शाळामास्तर, रेल्वेतला बाबू यांच्या हातात महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम पडत असे. 1931 च्या अखेरीस सरकारने पगारात 10 टक्के कपात केली, तरी बाजार त्याहून कितीतरी अधिक उतरला होता. नोकरी टिकली त्याला 1930 नंतरची ती चार-पाच वर्षे बरी गेली. ज्या शेतकऱ्याने ते तांदूळ आणि ती ज्वारी पिकवली, त्याच्या घरी त्याच वर्षांत काय चालले होते, हे आपण फारसे विचारले नाही. जागतिक महामंदी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कचा शेअरबाजार येतो. ती अमळनेरच्या, अकोल्याच्या, बारामतीच्या बाजारपेठेतही आली होती.

आधी तिकडचे थोडे सांगायला हवे. 29 ऑक्टोबर 1929 ला न्यूयॉर्कचा बाजार कोसळला, पण दुखणे आधीपासूनचे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात जगभर लागवड वाढली, युद्ध संपल्यावर युरोपातली शेती पुन्हा उभी राहिली आणि गहू, कापूस, साखर यांचे साठे साचत गेले. हे साठे सांभाळायला लागणारा पैसा अमेरिकेतून कर्जाने येई. 1928 पासून तो पैसा शेअरबाजाराकडे वळला, परदेशी कर्जे आटली आणि शेतमाल विकणाऱ्या देशांना मिळेल त्या भावाने माल काढावा लागला. पुढे 1933 पर्यंत अमेरिकेत सुमारे 9000 बँका बुडाल्या. ठेवींना विमा नव्हता, त्यामुळे बँकेबरोबर आयुष्याची पुंजीही गेली. 1933 मध्ये दर चार कामकऱ्यांपैकी एक बेकार होता. जर्मनीत बेकारांची संख्या 60 लाखांवर पोहोचली आणि तिचे राजकीय फळ साऱ्या जगाने भोगले. ब्राझीलमध्ये कॉफी जाळली गेली. 1930 साली अमेरिकेने आयातीवर जबर जकात बसवली, इतरांनी तेच केले आणि जगाचा व्यापार आखडत गेला.

आयोवा आणि नेब्रास्का या शेतीप्रधान राज्यांत त्या काळात एक वेगळा प्रकार घडला. बँकेने कर्जापायी शेतकऱ्याची जनावरे, अवजारे लिलावाला काढली की आजूबाजूचे शेतकरी जमत, दोन-चार सेंटांची बोली लावत आणि बाहेरच्या कुणाला तोंड उघडू देत नसत. मग घेतलेले सारे मूळ मालकाला परत करत. आपल्याकडे 1875 साली सुपे आणि आसपासच्या गावांत सावकारांचे दस्तऐवज जाळले गेले होते, त्याची इथे आठवण होते. माणसे वेगळी, मुलूख वेगळा, पण दोन्हीकडे राग कागदावर होता.

भारतात मंदी आली ती भावाच्या वाटेने. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक, जुलै 1914 चे भाव 100 धरले तर, 1929 साली 141 होता. 1931 मध्ये तो 96 वर आला आणि 1933 मध्ये 87 वर. ही झाली सगळ्या मालाची सरासरी. शेतमाल याहून खाली गेला. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचा भाव दोन-तीन हंगामांत निम्म्याच्या आसपास आला. कारखान्यात तयार झालेल्या वस्तू मात्र तितक्या उतरल्या नाहीत. शेतकरी जे विकत होता ते मातीमोल झाले, जे विकत घेत होता ते थोडेसेच स्वस्त झाले.

त्यात भर घातली रुपयाच्या दराने. हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीवरून 1927 च्या कायद्याने रुपयाची किंमत 1 शिलिंग 6 पेन्स ठरली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगात भिन्न मत नोंदवून 1 शिलिंग 4 पेन्सचा आग्रह धरला होता. दोन पेन्सांचा हा वाद तेव्हाही अनेकांना तांत्रिक वाटला, आजही वाटतो. पण हिशेब सरळ आहे. परदेशात एक पौंडाला माल विकला गेला तर चार पेन्सच्या दराने इथे 15 रुपये मिळाले असते. सहा पेन्सच्या दराने 13 रुपये 5 आणे 4 पै मिळत. म्हणजे नववा हिस्सा बाजारात पाऊल टाकण्याआधीच गेला. हा दर टिकवण्यासाठी सरकारने चलन आवळले. इंग्लंडला दरवर्षी द्यायच्या पेन्शनी, व्याज आणि इतर खर्चासाठी चढा रुपया सरकारला सोयीचा होता. जगात भाव पडत असताना देशातला पैसाही कमी करत जायचे, या धोरणाने शेतकऱ्याचे जेवढे नुकसान केले तेवढे एखाद्या अवर्षणानेही केले नसेल, असे माझे मत आहे.

गांधीजींना हे कळत होते. जानेवारी 1930 मध्ये त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत मिठावरचा कर रद्द करण्याबरोबरच रुपयाचा दर 1 शिलिंग 4 पेन्स करावा आणि जमीन महसूल निम्म्यावर आणावा, याही मागण्या होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत मीठ राहिले, बाकीचे मागे पडले. पण त्या वर्षी शिरोड्याच्या मिठागरांवर, बिळाशीच्या आणि चिरनेरच्या जंगलात लोक ज्या संख्येने उतरले, त्यामागे देशप्रेमाइतकाच हा बाजारभावाचा चटकाही होता, हे विसरता येत नाही.

जमीन महसूल, म्हणजे सारा, रोख भरायचा आणि त्याचा आकडा तीस वर्षांच्या आकारणीने बांधलेला. समजा, एखाद्याचा सारा 20 रुपये होता आणि तो भरायला आधी चार मण धान्य विकावे लागत असे. भाव निम्मे झाल्यावर त्याच 20 रुपयांसाठी आठ मण विकावे लागले. सरकारी वहीत काहीच बदलले नव्हते. सूट किंवा तहकुबी मिळायची ती आणेवारीवर, म्हणजे पीक किती आले यावर. पीक बुडाले तर काय करायचे याचा नियम होता. भाव बुडाला तर काय, याचा नव्हता. शेत भरघोस उभे आहे आणि सारा भरायला पैसा नाही, ही अवस्था महसूल खात्याच्या चौकटीत बसतच नव्हती.

कर्जाचेही तसेच. प्रांतिक बँकिंग चौकशी समितीने मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्यांचे कर्ज 81 कोटी रुपये धरले होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा आकडा सुमारे 900 कोटींचा होता. हे अंदाज मंदीच्या तोंडावरचे. पुढे चार वर्षांत कुणी एक पैसाही नव्याने उचलला नसता, तरी त्या कर्जाचे धान्यातले वजन दीडपटीने, दुपटीने वाढले असते. आणि नवे कर्ज मिळणेही कठीण झाले. गहाण जमिनीची किंमत उतरल्याने सावकारही हात आखडू लागला. सावकाराला शिव्या देणे सोपे आहे आणि त्याच्या व्याजाने घरे बुडाली हेही खरे. पण पेरणीच्या वेळी बी-बियाण्याला पैसा देणारा गावात दुसरा कुणी नव्हता. सहकारी पतपेढ्या होत्या, त्यांची थकबाकी वाढत गेली. अशा वेळी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून मागितले जाई, आणि मालक आपल्याच शेताचा कूळ होई.

मग उरले सोने. 21 सप्टेंबर 1931 ला इंग्लंडने सुवर्णमान सोडला. पौंड घसरला, पौंडाला बांधलेला रुपयाही त्याबरोबर घसरला आणि सोन्याचा भाव वर गेला. तोळ्याला 21-22 रुपये होता तो चारेक वर्षांत 35 रुपयांच्या आसपास पोहोचला. घरोघरचे डाग बाहेर निघू लागले. पुतळ्यांची माळ, गोठ, पाटल्या, सरी, ठुशी मोडीत निघाली. गावच्या सोनाराकडून तालुक्याच्या सराफाकडे, तिथून मुंबईच्या झवेरी बाजारात, तिथे आटून लगडी आणि लगडी लंडनच्या बोटीवर. 1931 ते 1937 या काळात सुमारे 300 कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले. देशातल्या शेतीकर्जाच्या अंदाजाशी ताडून पाहिले तर तो त्याचा तिसरा हिस्सा होतो.

चढ्या भावाचा फायदा घेऊन लोक शहाणपणाने सोने विकत आहेत, असे सरकारचे म्हणणे होते. व्यापाऱ्यांच्या बाबतीत ते खरे असेल. पण शेतकऱ्याच्या घरातले सोने गुंतवणूक म्हणून ठेवलेले नसते. ते बाईच्या अंगावरचे, तिच्या माहेरचे, उद्या मुलीच्या लग्नात द्यायचे असते. कायद्याने बाईच्या नावावर जमीन क्वचितच असे. तिच्या हक्काची मालमत्ता ती एवढीच. महामंदीची तूट या देशात फार मोठ्या प्रमाणावर बायकांच्या स्त्रीधनातून भरली गेली. सरकारचा विलायतेतला खर्च भागला, रुपयाचा दर टिकला, सारा भरला गेला, आणि ज्यांच्या सोन्यावर हे झाले त्यांचा उल्लेख कोणत्याही अर्थसंकल्पात नाही.

सोन्याच्या निर्यातीवर बंदी घाला, ही भारतीय व्यापाऱ्यांची मागणी सरकारने मानली नाही. त्याच सुमारास अमेरिकेत रूझवेल्ट यांनी एप्रिल 1933 मध्ये खाजगी सोने सरकारजमा करायला लावले आणि जानेवारी 1934 मध्ये औंसाचा भाव 20.67 डॉलरवरून 35 डॉलरवर नेऊन डॉलर स्वस्त केला. शेतमालाचे भाव पुन्हा चढावेत हा त्यामागचा एक हेतू होता. तिथल्या सरकारला शेतकऱ्याच्या मताची गरज होती. दिल्लीच्या सरकारला ती नव्हती.

शहरात मंदी वेगळ्या रूपात आली. मुंबईच्या गिरण्या जपानी कापडाच्या स्पर्धेने आधीच टेकीला आल्या होत्या. 1933 मध्ये करीमभाई गटासारखा मोठा समूह कोसळला. त्याच वर्षी सरकारने जपानी कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानने भारतीय कापूस घेणे थांबवले, आणि गिरणीला मिळालेल्या संरक्षणाचा फटका काही महिने कापूस पिकवणाऱ्याला बसला. गिरणीमालकांनी पगार कापले. बाजारात स्वस्ताई आहे, मग मजुरी कमी केली तर काय बिघडले, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण कामगाराचे कर्ज स्वस्त झाले नव्हते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन-तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, असे शाही मजूर आयोगाने 1931 मध्येच नोंदवले होते. शिवाय त्याच पगारातली मनीऑर्डर कोकणात आणि घाटावर जायची आणि तिच्यातूनच गावाकडचा सारा भरला जायचा. एप्रिल 1934 मध्ये सर्वसाधारण संप सुरू झाला, जूनपर्यंत चालला आणि मोडला.

या काळात वाढलेला एक धंदा म्हणजे साखर. 1932 च्या संरक्षक जकातीनंतर कारखाने भराभर उभे राहिले. गुळाचे भाव कोसळल्याने अडचणीत आलेल्या सासवडच्या माळी बागायतदारांनी अकलूजजवळ स्वतःचा कारखाना काढला. त्या वसाहतीला आज माळीनगर म्हणतात. कालव्याचे पाणी होते म्हणून हे जमले. कोरडवाहू शेतकऱ्याला असा पर्याय नव्हता.

राजकारण यातून बदलले. अलिबाग तालुक्यातल्या चरीला 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे थांबवले आणि सहा वर्षे, लाकूडफाटा विकून, मजुरी करून, ते हटले नाहीत. त्यांची तक्रार मंदीहून जुनी होती, पण सोसण्याची सीमा याच वर्षांत संपली. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात, खानदेशातल्या फैजपूरला भरले आणि शेतसारा, खंड आणि कर्ज कमी करण्याचा कार्यक्रम तिथे मान्य झाला. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात कर्जतडजोड मंडळे 1933 च्या कायद्याने आली होती. मुंबई इलाख्यात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा 1939 मध्ये झाला, खेर मंत्रिमंडळाच्या अखेरच्या वर्षात. तोवर मंदीची दहा वर्षे उलटली होती. युद्ध सुरू होऊन भाव चढले आणि अनेकांचे कर्ज कायद्याआधी महागाईनेच हलके केले.

या सगळ्या कायद्यांत एक माणूस सापडत नाही. कर्जनिवारणासाठी शेतकरी असावे लागे, कूळकायद्यासाठी कूळ. ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीन नव्हती आणि मोडायला डाग नव्हता, तो सालगडी, ती शेतमजूर बाई यांच्यासाठी कोणतेच मंडळ बसले नाही. मजुरी धान्यात मिळत असे तिथे भाव पडल्याचा थेट तोटा त्यांना झाला नाही, असे म्हटले जाते. पण मालकाने खर्च आवरताना पहिली काट मारली ती निंदणी-खुरपणीच्या मजुरांवर. घरच्याच बायका-मुलांना शेतात उतरवून त्याने ते काम उरकले. ज्यांचे काम असे गेले, त्यांच्या नावावर सातबारा नव्हता, कर्जखते नव्हती आणि गिरणीचा हजेरीपटही नव्हता. त्यामुळे चौकशी समित्यांच्या अहवालांतून 81 कोटींचा हिशेब मिळतो, या माणसांचा मिळत नाही.