कॉर्व्हेट : किंमत उतरली, तरी माल पडून

अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात भरलेल्या प्रदर्शनात उघड्या टपाची दोन आसनी मोटार मांडली. नाव शेवरोले कॉर्व्हेट. लोकांना ती फार पसंत पडली आणि त्याच वर्षी ३० जूनला मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे गाडी तयार होऊ लागली. पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या निघाल्या. सगळ्या पांढऱ्या, आत लाल बैठक, वर काळ्या कापडाचे घडीचे छत. बॉडी पत्र्याची नव्हे, फायबरग्लासची. पत्रा दाबण्याचे महागडे साचे थोड्या मालासाठी परवडत नाहीत, हा हिशेब त्यामागे होता.

रूप स्पोर्ट्स कारचे. पण बॉनेट उघडले की आत शेवरोलेच्या घरगुती गाडीतलेच सहा सिलिंडरचे, ३.९ लिटरचे इंजिन. तीन कार्ब्युरेटर बसवून आणि इतर सुधारणा करून त्याची ताकद १५० हॉर्सपॉवरपर्यंत नेली होती. गिअर मात्र दोनच, तेही आपोआप बदलणारे. हाताने गिअर टाकण्याची ज्याला हौस, त्याच्यासाठी काही सोयच नव्हती. दाराला वर-खाली होणारी काच नाही. पाऊस आला की प्लास्टिकचे पडदे अडकवायचे. बाहेरून दाराला मूठही नाही, आत हात घालून दार उघडायचे!

अशा गाडीची किंमत ३,४९८ डॉलर. त्या काळी शेवरोलेची साधी गाडी २,००० डॉलरच्या आत मिळत होती. हीटरचे ९१.४० आणि रेडिओचे १४५.१५ डॉलर वेगळे, आणि ३०० पैकी प्रत्येक गाडीत ते बसवलेलेच होते. म्हणजे खरा आकडा ३,७३४.५५ डॉलर.

१९५४ मध्ये कंपनीने किंमत २,७७४ डॉलर जाहीर केली. कागदावर ७२४ डॉलरची सूट! पण आता गिअरबॉक्सचे १७८.३५ डॉलर वेगळे लावले होते. दुसरा गिअरबॉक्स मिळतच नसे, मग तो वेगळा कसला? शेरवानीचा भाव सांगून बाह्यांचे पैसे निराळे मागावेत, तशातला हा प्रकार. हीटर आणि रेडिओ धरून बेरीज ३,१८८.९० डॉलर होते. सूट खरी होती, पण सुमारे ५४५ डॉलरची. जाहिरातीतला आकडा ऐकून दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला हा फरक कळल्याशिवाय राहत नाही.

कारखाना तोवर मिसुरीतील सेंट लुईस येथे हलला होता. वर्षाला दहा हजार गाड्यांची तयारी होती. १९५४ मध्ये निघाल्या ३,६४०, आणि वर्षअखेर त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश विक्रीविना उभ्या होत्या. १९५५ मध्ये तर ७०० च बनल्या. त्याच वर्षी फोर्डच्या थंडरबर्डने १६,००० चा आकडा ओलांडला. तिला पोलादी बॉडी, आठ सिलिंडरचे इंजिन आणि खाली-वर होणाऱ्या काचा होत्या.

गाडी बंद करावी असे कंपनीत बोलले जात होते. इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी ऑक्टोबर १९५४ मध्ये वरिष्ठांना लिहून त्याला विरोध केला. १९५५ मध्ये ४.३ लिटरचे, आठ सिलिंडरचे १९५ हॉर्सपॉवरचे इंजिन आले. १९५६ मध्ये काचा आल्या, बाहेर मुठी आल्या, हाताने टाकायचा तीन गिअरचा बॉक्स मूळ किमतीतच आला. ही किंमत ३,१२० डॉलर, म्हणजे आधीच्या जाहीर भावापेक्षा चढी. तरी ३,४६७ गाड्या बनल्या.

१९५७ ची किंमत ३,१७६ डॉलर, आणि गाड्या ६,३३९. त्या वर्षी कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेले २८३ हॉर्सपॉवरपर्यंतचे इंजिन आणि चार गिअरचा बॉक्स मिळू लागला. दोन्हींचे पैसे वेगळेच होते. पण ते घ्यावे की नाही, हे आता गिऱ्हाईकाच्या मर्जीवर होते.