मेडिकलमधून गोळी घेताना फार्मासिस्टनं दोन प्रश्न विचारले, तर काय वाचतं?

"दादा, ताप आहे, अंगपण दुखतंय, एखादी गोळी द्या." मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. गोळी मिळते, पैसे दिले की विषय संपतो. पण त्या गोळीनं बरं वाटणार की त्रास वाढणार, हे बऱ्याचदा याच काउंटरवर ठरतं. कसं, ते बघूया.

कायदा काय सांगतो?

१९४८ च्या फार्मसी कायद्यातल्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. २०१५ च्या नियमांनुसार चिठ्ठी तपासणं आणि औषध कसं घ्यायचं हे पेशंटला समजावून सांगणं, हीसुद्धा त्याची जबाबदारी आहे.

प्रत्यक्षात गर्दी असते, काउंटरवर मदतनीस असतो. काही ठिकाणी तर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि तो स्वतः दुकानात नसतो.

मग बिघडतं काय?

तीन उदाहरणं बघा.

एक, पॅरासिटामॉल. तापासाठी ६५० ची गोळी चालू असते. त्यात सर्दी होते, म्हणून सर्दीची वेगळी गोळी घेतली जाते. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं. नाव वेगळं, रंग वेगळा, त्यामुळे डबल डोस जातोय हे लक्षातच येत नाही. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा साधारण ४ ग्रॅम आहे. ती ओलांडली तर लिव्हरला इजा होऊ शकते. "अजून कुठली गोळी चालू आहे?" एवढं विचारलं तरी हे टळतं.

दोन, थायरॉईडची गोळी. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि ही गोळी यांत सुमारे ४ तासांचं अंतर लागतं. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉईडचं औषध शरीरात नीट शोषलं जात नाही. पेशंट रोज गोळी घेतो, तरी रिपोर्ट सुधारत नाही.

तीन, मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. ती चुकून रोज घेतल्यामुळे जगात वेगवेगळ्या देशांत लोकांचे जीव गेले आहेत. पाकिटावर "फक्त सोमवारी" असं लिहून देणं, हे फार्मासिस्टचं अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

अँटिबायोटिकसाठी चिठ्ठी का मागतात?

चिठ्ठी मागितली की अनेकांना राग येतो. पण गरज नसताना किंवा अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणूनच १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू झालं. यात काही महत्त्वाची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि सवय लागू शकणारी काही औषधं आहेत. ती विकताना पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ३ वर्षं जपावं लागतं.

"कंपनी वेगळी आहे, कंटेंट तोच"

हे वाक्यही ओळखीचं असेल. शेड्यूल एच, एच-वन आणि एक्समधल्या औषधांसाठी नियम असा आहे की, चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं औषध दुकानदारानं परस्पर द्यायचं नाही, कंटेंट तोच असला तरी. स्वस्त पर्याय हवा असेल तर डॉक्टरांकडूनच जेनेरिक नावानं चिठ्ठी लिहून घ्या.

तुम्ही काय करायचं?

- फार्मासिस्ट कोण आहे, ते बिनधास्त विचारा.
- चालू असलेली सगळी औषधं, अ‍ॅलर्जी आणि प्रेग्नन्सी असेल तर तेही सांगा.
- गोळी कधी, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, हे पाकिटावर लिहून घ्या.
- पक्कं बिल घ्या. त्यावर बॅच नंबर असतो. एखादी बॅच खराब निघाली, तर आपल्याकडची गोळी त्यातलीच आहे का हे त्यावरून कळतं.
- कापलेल्या स्ट्रिपवर एक्सपायरी दिसत नसेल, तर ती दिसेल असा तुकडा मागा.

औषध घेतल्यावर अंगावर पुरळ आलं, चक्कर आली किंवा दुसरा काही त्रास झाला, तर आधी डॉक्टरांना गाठा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी १८००-१८०-३०२४ ही सरकारी टोल-फ्री हेल्पलाइन आहे. पेशंट स्वतःही तिथं तक्रार नोंदवू शकतो.